थंडीचे कपडे, कसर आणि डांबरगोळ्यांचा सुरक्षित वापर

होळीचे रंग धुऊन झाले की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत गच्चीगच्चीवर रजया वाळत पडलेल्या दिसतात. ग्वाल्हेरची थंडी चांगलीच बोचरी असते, त्यामुळे इथल्या प्रत्येक मराठी घरात स्वेटर, शाली, कानटोप्या, लोकरी मोजे आणि रजया यांचा मोठा पसारा असतो, आणि मार्चपासून दिवाळीपर्यंतचे सात-आठ महिने तो कुठेतरी बंद करून ठेवावा लागतो. याच काळात आधी मे-जूनचे ४५ अंशांपर्यंत चढणारे ऊन आणि मग पावसाळ्याची दमट हवा येते. पेटी भरताना एक मूठ डांबरगोळ्या आत टाकायच्या आणि झाकण लावून मोकळे व्हायचे, ही सवय आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. त्या मुठीबद्दलच मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ही गोळी योग्य जागी ठेवली तर कपडे वाचवते आणि चुकीच्या जागी ठेवली तर किड्यांना फारसे काही न करता घरातल्या माणसांना, त्यातही तान्ह्या बाळांना, अपाय करते.

सुरुवात नावापासून करावी लागते. आपण मराठीत जिला डांबरगोळी म्हणतो, तीच इथल्या महाराज बाड्याच्या बाजारात ‘फिनाइल की गोली’ म्हणून मागावी लागते. फरशी पुसायच्या फिनाइलशी तिचा काही संबंध नाही. मराठी नाव मात्र मुळाशी प्रामाणिक आहे, कारण या गोळ्या ज्या नॅप्थलीनपासून करतात ते १८२० च्या सुमारास दगडी कोळशाच्या डांबरातूनच प्रथम वेगळे काढले गेले. आज मात्र याच नावाखाली दोन वेगळी रसायने विकली जातात. एक नॅप्थलीन आणि दुसरे पॅराडायक्लोरोबेन्झीन, जे शौचालयातल्या सुगंधी वड्यांमध्येही वापरले जाते. कापराच्या गोळ्या हा तिसरा प्रकार. तिन्ही पांढऱ्या आणि तिन्ही उग्र वासाच्या असल्या तरी त्यांचे गुण आणि धोके सारखे नाहीत, म्हणून सुट्या गोळ्या घेऊ नयेत. ज्या पाकिटावर रसायनाचे नाव, वापराचे प्रमाण आणि विषबाधेची सूचना छापलेली आहे, असेच पाकीट घ्यावे आणि गोळ्या संपेपर्यंत ते जपून ठेवावे.

घरात जुन्या, बिननावाच्या गोळ्या पडून असतील तर त्या ओळखण्याची एक सोपी रीत आहे. पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही असा एक पेला घेऊन त्यात साधे पाणी भरावे आणि गोळी सोडावी. कापूर पाण्यावर तरंगतो, बाकीची दोन्ही रसायने तळाशी जातात. मग दुसऱ्या पेल्यात कोमट पाण्यात मीठ घालून ते विरघळायचे थांबेपर्यंत ढवळावे आणि बुडालेली गोळी त्यात टाकावी. अशा खारट पाण्यात नॅप्थलीनची गोळी वर येते आणि पॅराडायक्लोरोबेन्झीनची गोळी तळाशीच राहते. ही ओळख पटवण्याचे कारण इतकेच, की ही दोन रसायने एका पेटीत एकत्र आली तर एकमेकांच्या संगतीने विरघळून तेलकट द्रव होतो आणि कपड्यांवर न निघणारे डाग पडतात. गेल्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्यांवर यंदाच्या नव्या गोळ्या टाकण्याची सवय म्हणूनच मोडली पाहिजे.

गोळी काम कशी करते

डांबरगोळी हवेत हळूहळू लहान होत जाते हे सर्वांनी पाहिलेले असते. ती वितळत नाही, तिची थेट वाफ होते. ही वाफ बंद जागेत साठून पुरेशी दाट झाली तरच कपडे खाणारी अळी मरते. उघड्या खोलीत, फटी असलेल्या लाकडी कपाटात किंवा दिवसातून चार वेळा उघडल्या जाणाऱ्या कपाटात ती वाफ दाट होतच नाही. ती खोलीभर पसरते आणि आपल्या श्वासात जाते. खोलीत वास येतो आहे म्हणजे गोळी काम करते आहे, अशी समजूत पुष्कळ घरांत असते. खरे पाहता खोलीत वास येत असेल तर गोळीची वाफ पेटीतून बाहेर पडते आहे, आणि पेटी ज्या कामासाठी बंद केली ते काम तितके कमी होते आहे.

आपल्या हवामानामुळे यात आणखी एका गोष्टीची भर पडते. नॅप्थलीनची वाफ होण्याचा जोर उष्णतेबरोबर फार वेगाने वाढतो. २५ अंशांना जितका असतो, त्याच्या साधारण चौपट तो ४० अंशांना होतो. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरची, छताला लागून असलेली माळ्याची जागा बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापते. म्हणजे थंड प्रदेशात वर्षभर पुरणाऱ्या गोळ्या इथे मे-जूनमध्येच झपाट्याने संपतात, आणि ज्या काळात आपण खिडक्या बंद करून कूलरसमोर बसतो नेमक्या त्याच काळात त्यांची वाफ सर्वाधिक असते. यावर उपाय म्हणून गोळ्या वाढवू नयेत. पेटी अधिक घट्ट बंद करावी आणि ती घरातल्या थंड, पण माणसांची झोपण्या-बसण्याची नसलेल्या जागी ठेवावी.

कसर म्हणजे नेमके कोण

‘कपड्यांना कसर लागली’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात दोन-तीन निरनिराळे किडे असतात. लोकर आणि रेशीम खाणारा किडा म्हणजे एका लहानशा, फिकट सोनेरी पतंगाची अळी. पतंग स्वतः काही खात नाही. त्याचे आयुष्य अंडी घालण्यात जाते आणि एक मादी साधारण ४० ते ५० अंडी घालते. हा पतंग उजेड टाळतो, त्यामुळे दिव्याभोवती घिरट्या घालणारे पाखरू म्हणजे कपड्यांचा शत्रू नव्हे. अळीला केस, लोकर, पिसे यांतले प्रथिन पचवता येते आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेला भाग ती आधी कुरतडते. स्वेटरच्या काखेत, गळपट्टीत आणि बाहीच्या टोकाशीच भोके का पडतात, त्याचे उत्तर यात आहे. भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी लोंबताना दिसते आणि हात लावला तर एका टोकातून बारीक डोके बाहेर येऊन आत जाते, तो याच कुळातला दुसरा किडा. तो केस आणि धूळ यांवर जगतो. पुस्तकांत आणि खळ घातलेल्या सुती कपड्यांत सुळकन पळणारी चंदेरी कसर तिसरी. तिला डिंक, खळ आणि कागद लागतो.

यांपैकी लोकर-रेशमाच्या अळीवर बंद पेटीतली डांबरगोळी प्रभावी ठरते. झुरळे, मुंग्या, पाली, उंदीर, साप आणि ढेकूण यांच्यासाठी ती ठेवण्यात काही अर्थ नाही. ओट्याखाली, मोरीच्या जाळीवर, गॅसच्या सिलिंडरमागे किंवा बागेतल्या कुंड्यांत गोळ्या टाकल्याने हे प्राणी जात नाहीत, मात्र अन्नाला वास लागतो, माती दूषित होते आणि रांगत्या मुलाच्या हाताशी विष येते. मोरी आणि बेसिनमध्ये गोळ्या टाकण्याची पद्धत तर इतकी रुळलेली आहे की त्यात काही चूक असेल असे कोणाला वाटतही नाही. पण स्नानगृह लहान असते, दार बंद असते आणि आत माणूस असतो. तिथे जाळी नीट बसवावी, रात्री भोकावर झाकण ठेवावे आणि मोरी कोरडी ठेवावी. झुरळांसाठी याचा उपयोग गोळीपेक्षा कितीतरी जास्त होतो.

वर्षाचा गहू एकदम भरून ठेवणाऱ्या घरांना एक वेगळा इशारा द्यावा लागेल. धान्याच्या कोठीत डांबरगोळी कधीही घालू नये. आणि धान्यासाठी म्हणून ज्या सल्फासच्या गोळ्या मिळतात त्या म्हणजे डांबरगोळ्या नव्हेत. त्यांतून ओलाव्याने फॉस्फीन नावाचा अत्यंत विषारी वायू सुटतो आणि बंद घरात तो माणसांचे प्राण घेतो. अशी गोळी राहत्या घरात आणूच नये, मग ती कपड्यांच्या पेटीत टाकण्याचा प्रश्नच उरत नाही.

पेटी भरण्याची रीत

कपडे स्वच्छ असतील तर निम्मे काम गोळीशिवायच होते. एकदाच वापरलेला स्वेटरही तसाच आत ठेवू नये. लोकरी कपडे सौम्य साबणाने धुऊन किंवा ड्रायक्लीन करून घ्यावेत, पूर्ण कोरडे करावेत आणि मग मार्चच्या शेवटच्या कडक उन्हात दोन-तीन दिवस दोन्ही बाजूंनी उलटून टाकावेत. अळीला ऊन सोसत नाही आणि ५० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत ती व तिची अंडी टिकत नाहीत. उन्हात टाकलेला कपडा संध्याकाळी मऊ ब्रशाने शिवणींवरून, खिशांच्या आतून आणि गळपट्टीच्या उलट बाजूने झाडावा, कारण अंडी तिथेच चिकटलेली असतात. रेशमी साड्या मात्र भर उन्हात टाकू नयेत, रंग उडतो. त्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी उलगडाव्यात.

पेटी लोखंडी असावी. नॅप्थलीन आणि विशेषतः पॅराडायक्लोरोबेन्झीन काही जातींच्या प्लास्टिकला मऊ करते, थर्माकोल तर विरघळवते, आणि पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून वाफ आरपार बाहेर पडते. जुन्या घरांतल्या लोखंडी पेट्या या कामाला अजूनही सर्वांत चांगल्या आहेत. झाकणाची कड वाकलेली असेल तर ती ठोकून सरळ करून घ्यावी आणि पेटी भरल्यावर झाकणाच्या सांध्यावर रुंद चिकटपट्टी चारही बाजूंनी लावावी. एवढ्याने वाफ आत कोंडली जाते आणि वास घरात येत नाही.

गोळ्या किती घालायच्या हे पाकिटावर दिलेल्या प्रमाणानुसार ठरवावे, आणि त्यासाठी पेटीचे माप घ्यावे. समजा पेटी आतून ९० सेंटीमीटर लांब, ५० रुंद आणि ४५ उंच आहे. तिन्हींचा गुणाकार २,०२,५०० घन सेंटीमीटर, म्हणजे सुमारे २०० लिटर झाला. पाकिटावर प्रमाण घनफुटांत असेल तर लिटरना २८ ने भागावे, म्हणजे ही पेटी साधारण ७ घनफुटांची निघाली. हा हिशेब एकदा करून झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवला की दरवर्षी मूठभर टाकण्याची पाळी येत नाही. पाकिटावरच्या प्रमाणापेक्षा जास्त गोळ्यांनी कपडे जास्त सुरक्षित होत नाहीत, उलट पेटी उघडणाऱ्याच्या नाकातोंडात जास्त वाफ जाते.

गोळ्या तळाशी टाकण्याची आपली पद्धत उलटी आहे. नॅप्थलीनची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती खाली उतरते, म्हणून गोळ्यांची जागा कपड्यांच्या वर आहे. धुतलेल्या जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या कापडाच्या लहान पुरचुंड्या बांधाव्यात, प्रत्येकीत मोजून गोळ्या घालाव्यात, सर्व कपड्यांवर एक जुनी सुती चादर पसरावी आणि तिच्यावर या पुरचुंड्या ठेवाव्यात. यामुळे गोळी कपड्याला थेट लागत नाही, डाग पडत नाहीत आणि दिवाळीत पेटी उघडल्यावर उरलेल्या चुऱ्यासकट पुरचुंडी तशीच उचलता येते. गोळ्या हाताळताना हातमोजे घालावेत किंवा हातावर पिशवी चढवावी, खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. गर्भवती स्त्रीने, दमेकऱ्याने आणि लहान मुलांनी हे काम करू नये.

चंदेरी, पैठणी किंवा कोणतीही जरीची साडी या पेटीत न ठेवलेलीच बरी. जरीला गोळी लागली की डाग पडतो आणि तो निघत नाही. तिच्यासाठी मऊ सुती कापडाची गुंडाळी आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी उलगडून वेगळ्या जागी मोडणे हीच जुनी आणि खात्रीची काळजी आहे.

पेटी बंद केल्यावर वर एक चिठ्ठी चिकटवावी: आत कोणते रसायन आहे, किती गोळ्या आहेत आणि कोणत्या तारखेला ठेवल्या. सहा महिन्यांनी ती पेटी कोण उघडेल हे आज सांगता येत नाही, आणि उघडणाऱ्याला आत काय आहे हे आधी कळले पाहिजे.

जिथे माणूस झोपतो तिथे नाही

ग्वाल्हेरच्या लहान फ्लॅटमध्ये रजया ठेवायला जागा नसते, म्हणून पेटीवजा पलंग किंवा दिवाण घेतला जातो आणि रजया त्याच्या पोटात जातात. त्यांच्याबरोबर डांबरगोळ्याही जातात. दिवाणाची फळी कधीच हवाबंद नसते. तिच्यावर गादी, गादीवर आजी, आणि आजीच्या कुशीत नातवंड, असे सात महिने रोज आठ तास त्या वाफेवर झोपणे चालते. डोके जड होणे, मळमळणे, चक्कर येणे याला मग उन्हाळा लागला असे म्हटले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये नॅप्थलीनचा समावेश माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात केला, आणि युरोपीय संघाने २००८ मध्ये नॅप्थलीनच्या गोळ्यांवर बंदी घातली. दिवाणात रजया ठेवायच्याच असतील तर स्वच्छ धुऊन, वाळवून, गोळीशिवाय ठेवाव्यात. तशाही बहुतेक रजया सुती कापडाच्या आणि कापसाच्या असतात, आणि कापूस हे लोकरीच्या अळीचे अन्नच नव्हे. निजायच्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटाला, देवघराच्या कपाटाला आणि औषधे किंवा फराळाचे डबे असलेल्या कपाटाला हाच नियम लागू आहे. देवघराचे कारण आणखी एक आहे, नॅप्थलीन पेट घेते आणि तिथे निरांजन तेवत असते.

बाळाचे कपडे

हा भाग मी सर्वांत आधी लिहिणार होतो, पण गोळी काय आहे हे कळल्याशिवाय तो पटणार नाही म्हणून इथवर थांबलो.

मराठी घरात पहिल्या मुलाची कुंची, झबली, दुपटी आणि आजीने विणलेले पायमोजे टाकून दिले जात नाहीत. ते पुढच्या बाळासाठी पेटीत जातात, आणि पेटीत डांबरगोळ्या असतात. आमच्याकडे पुतणीचे बाळंतपण ठरले तेव्हा वहिनींनी अशीच एक पेटी उघडली. वर निळ्या लोकरीची कुंची होती, तिच्या गोंड्याच्या घडीत मटाराएवढी झालेली गोळी अडकलेली आणि खालच्या दुपट्याच्या पोटात साखरेसारखा पांढरा चुरा. कुंची दोनदा धुतली तरी ओली असताना वास येत नव्हता आणि सुकली की पुन्हा येत होता. नॅप्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे नुसत्या धुण्याने ते जात नाही. ते हवेत उडून जावे लागते. ती कुंची शेवटी बाळाला घातलीच नाही, आठवण म्हणून वेगळी ठेवली.

हे अतिकाळजीपोटी केले नाही. नॅप्थलीन शरीरात गेले की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. ज्यांच्या शरीरात जी-६-पी-डी नावाचे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असते, त्यांच्यात हे फार वेगाने होते. हा दोष आईकडून मुलाकडे येतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त दिसतो. भारतात तो अनेक समाजांत आढळतो, आणि तो असलेली व्यक्ती एरवी पूर्ण निरोगी असल्याने घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो. नवजात बाळाचे यकृत तर हा पदार्थ निकामी करण्याइतके तयारच झालेले नसते. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे आणि पांघरुणे वापरल्याने बाळांना तीव्र कावीळ आणि रक्तक्षय झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात अनेक दशकांपासून आहेत, आणि कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते. त्यात आपली रीत अशी, की बाळाला तेल चोळून, न्हाऊ घालून, पुन्हा टाळूवर तेल भरून दुपट्यात घट्ट गुंडाळायचे. नॅप्थलीन तेलात विरघळते, त्यामुळे तेल लावलेल्या कातडीतून ते अधिक सहज आत शिरते.

म्हणून बाळाचे कपडे, दुपटी, पाळण्याची गादी आणि बाळंतिणीच्या शाली डांबरगोळ्यांबरोबर कधीही ठेवू नयेत. यांतले बहुतेक कपडे सुती असतात. धुऊन, कडक वाळवून, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवले की त्यांना गोळीची गरजच नसते. ज्या घरात पुढच्या काही महिन्यांत बाळ येणार आहे, त्या घरातल्या सगळ्याच डांबरगोळ्या बाळ येण्याआधी काढून टाकाव्यात, कारण बाळाला मांडीवर घेणाऱ्या आजीच्या शालीलाही तोच वास असतो. बाळाचे किंवा मोठ्या मुलाचे डोळे अचानक पिवळे दिसले, ओठ पांढरे पडले, लघवी कोकाकोलासारखी गडद झाली किंवा मूल निपचित झाले, तर डॉक्टरांकडे जाताना घरात डांबरगोळ्या आहेत हे आपणहून सांगावे. डॉक्टर विचारतीलच असे नाही आणि हा एक धागा मिळाला तर निदान पुष्कळ लवकर होते. घराण्यात जी-६-पी-डीचा दोष असेल तर तो साध्या रक्तचाचणीत कळतो.

मुलाने गोळी तोंडात घातली तर

पांढरी गोळी पेपरमिंटसारखी किंवा बत्ताशासारखी दिसते, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाला तेवढे पुरते. तोंडातला तुकडा बोटाने काढावा, तोंड पाण्याने खळखळून धुवावे, अंगावरचे आणि हातावरचे अंश पुसावेत. उलटी करवू नये. दूध देऊ नये, तूप किंवा तेलही देऊ नये. आपल्याकडे विषावर दूध हा उपाय सर्वांना तोंडपाठ असतो, पण स्निग्ध पदार्थांमुळे नॅप्थलीन रक्तात जास्त शोषले जाते. मूल हसत-खेळत असले तरी वाट पाहू नये, कारण रक्तपेशी फुटण्याचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात. गोळी कापराची असेल तर उलट फार घाई असते, तिच्याने काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट जयारोग्य रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे, आणि गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषमाहिती केंद्र चोवीस तास चालते. त्याचा दूरध्वनी क्रमांक आजच शोधून कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवावा. उरलेले पाकीट मुलांच्या हाताला न लागणाऱ्या उंचीवर, मूळ वेष्टनात, कुलपात ठेवावे. कुत्र्या-मांजरांनाही ही गोळी तितकीच घातक आहे.

पेटी उघडताना

नवरात्रानंतर ऊन कोवळे होते तेव्हा पेटी गच्चीवर नेऊनच उघडावी. झाकण वर करताना तोंड बाजूला ठेवावे आणि दहा-पंधरा मिनिटे लांब थांबावे. पुरचुंड्या काढून घ्याव्यात, कपडे झटकून घडीत राहिलेला चुरा बाहेर पडला की नाही ते पाहावे आणि मग कपडे दोरीवर मोकळे टाकावेत. किती दिवस हे नाक सांगते. जाड शालीला आठवडाही लागतो. वास पूर्ण गेल्यावर धुवावे, आणि वास असेपर्यंत इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने उरलेली सगळी वाफ एकदम आपल्याच तोंडावर येते.

गोळ्यांशिवाय भागत असेल तर ते अधिक चांगले. आपल्या घरांत वेखंडाचे तुकडे, लवंगा आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला कपड्यांत ठेवत आले आहेत. यांच्या वासाने पतंग काही प्रमाणात दूर राहतो, पण आत आधीच असलेली अळी याने मरत नाही, म्हणून कपडे धुणे-वाळवणे नीट झाले असेल तरच त्यांचा उपयोग. पाला पूर्ण वाळलेला असावा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते, आणि दर दोन महिन्यांनी बदलावा. एखाद-दुसऱ्या महागड्या शालीसाठी याहून खात्रीची युक्ती आहे. ती जाड पिशवीत हवा काढून घट्ट बांधावी आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, म्हणजे कपड्यावर पाणी धरत नाही. अळी आणि अंडी दोन्ही यात मरतात.

उरलेल्या गोळ्या आणि चुरा मोरीत, शौचालयात किंवा नाल्यात टाकू नये, जाळूही नये. जुन्या डब्यात घालून झाकण चिकटपट्टीने बंद करावे, वर ‘विषारी, डांबरगोळ्या’ असे मराठीत आणि हिंदीत ठळक लिहावे आणि कचरागाडीवर घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा. गाडीवरचा माणूस ओल्या-सुक्यात हात घालून निवडतो, म्हणून हा डबा त्याच्या हातात देताना आत काय आहे ते त्याला तोंडानेही सांगावे.